लाभांशावरील कर आणि लहान भागधारक

लाभांशावरील कर कोणी भरावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हिशेबाचा वाटतो. वस्तुतः तो कंपनीच्या मालकीशी निगडित आहे.

१९९७ साली आपल्याकडे लाभांश वितरण कर आला आणि २००२-०३ चा अपवाद वगळता २०२० पर्यंत टिकला. कर कंपनी भरीत असल्याने भागधारकाच्या हाती पडणारी रक्कम करमुक्त भासे. प्रत्यक्षात अखेरच्या वर्षांत अधिभार व उपकरासह २० टक्क्यांहून अधिक भार सर्वांच्याच वाट्यावर पडे, मग तो निवृत्त शिक्षक असो वा कंपनीचा प्रवर्तक. २०१६ पासून दहा लाख रुपयांवरील लाभांशावर १० टक्के जादा कर बसविण्यात आला, एवढाच काय तो भेद.

१ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात मिळविला जाऊ लागला. करपात्र उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला हा न्यायच मिळाला. मुळातून कर कापला गेला असल्यास विवरणपत्र भरून त्याला परतावा मागता येतो. अत्युच्च उत्पन्नाच्या व्यक्तीवरील भार मात्र सुमारे ३६ टक्क्यांपर्यंत पोहोचला.

परिणामी एकाच कंपनीच्या दोन भागधारकांचे हित भिन्न झाले. लहान भागधारकास रोख लाभांश हवा असतो. प्रवर्तकास नफा कंपनीतच राखणे, किंवा समभाग स्वतःच्या नावाऐवजी दुसऱ्या कंपनीमार्फत धारण करणे अधिक सोयीचे वाटू शकते. अमेरिकेत २००३ साली लाभांशावरील कमाल दर १५ टक्क्यांवर आणताच अनेक कंपन्यांनी लाभांश सुरू केला वा वाढविला. ज्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे समभाग अधिक होते, त्या कंपन्या यात अग्रेसर होत्या. निर्णय घेणाऱ्याचा स्वतःचा कर निर्णयावर प्रभाव टाकतो, हेच यातून दिसते.

तरीही जुनी पद्धत परत यावी, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. ऐपतीनुसार कर हे तत्त्व योग्यच आहे. मात्र लहान भागधारकाने आता अधिक जागरूक राहावयास हवे. संचालक मंडळाने शिफारस केलेला लाभांश वार्षिक सभेस वाढविता येत नाही. म्हणून संचालकांच्या निवडीत मतदान करणे महत्त्वाचे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमांन्वये लाभांश धोरण जाहीर करावे लागते. ते वाचावे. नफा राखून ठेवणे हा दोष नव्हे. परंतु तो कोठे व कशासाठी गुंतविला, हे विचारण्याचा अधिकार शंभर समभागांच्या धन्यालाही आहे आणि तो त्याने बजावावा.