घरचे आरोग्य : सोड्याची बाटली आणि लहान झालेले जठर



अणशीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. जोयडा तालुक्यातील हे गाव काळी नदीच्या खोऱ्यात, व्याघ्र प्रकल्पाच्या दाट रानात वसलेले. खाली कद्र्याकडे उतरणारा घाट आणि घाट उतरून पुढे कारवार. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली म्हणजे दवाखान्याची वाट आणखी लांबते. हे सांगण्याचे कारण पुढे येईलच.

या भगिनीवर पाच महिन्यांपूर्वी शहरातील एका रुग्णालयात वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया झाली. मधुमेह आणि गुडघेदुखी यांनी त्या जेरीस आल्या होत्या. आता वजन उतरले आहे, साखरही आटोक्यात आहे. परंतु गेल्या महिन्यात कारवारला एका लग्नात कोणीतरी थंड पेयाचा पेला हातात दिला. शस्त्रक्रियेची गोष्ट पती आणि सासूबाईंखेरीज कोणालाच ठाऊक नसल्यामुळे दोनदा ‘नको’ म्हटल्यावर तिसऱ्यांदा म्हणवेना. चार घोट घेतले, आणि छातीच्या खाली धोंडा अडकल्यासारखी कळ उठली. रात्री ओकारी झाली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मायेनेच लिंबू पिळून साधा सोडा पुढे केला : “पी बाई, एक ढेकर आली की मोकळी होशील.” आता त्या विचारतात की असे का झाले, बिनसाखरेचा सोडा तरी चालेल का, आणि हे पथ्य जन्मभराचे आहे काय?

सासूबाईंचा सल्ला आपल्या प्रत्येक घरातला आहे. पोट जड झाले की सोडा, आणि ढेकर आली की बरे वाटले, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. गोळी सोड्याची बाटली तर आजोबांच्या काळापासून ओळखीची. हायरम कॉड या इंग्रजाने काचेच्या गोळीचे ते बूच 1872 साली शोधून काढले. पाण्यात हा वायू मिसळण्याची युक्ती त्याहून शंभर वर्षे जुनी. जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक लीड्स शहरी दारूच्या भट्टीशेजारी राहत असे. भट्टीतल्या आंबवणावर साचणारा वायू पाण्यात उतरवून त्याने 1772 मध्ये त्याची कृती छापली, आणि आपण काहीतरी औषधी वस्तू जगाला देत आहोत अशी त्याची समजूत होती. तेव्हा सोडा म्हणजे औषध, हा समज एकट्या सासूबाईंचा नव्हे.

पण हा उपाय कशाच्या जोरावर चालतो ते पाहा. बाटलीतील वायू दाबाने पाण्यात कोंडलेला असतो, आणि त्याचे आकारमान पाण्याच्या तिप्पट-चौपट भरते. बूच निघाले, पेय पोटात जाऊन तापले, की तो सुटू लागतो. धडधाकट जठर रबरी पिशवीसारखे सैल होते. त्याच्या वरच्या घुमटात वायू साचतो आणि तेथून ढेकर होऊन बाहेर पडतो. ढेकरीला आधी साचायला जागा लागते.

आपल्या या भगिनीची तीच जागा गेली आहे. त्यांच्यावर झालेल्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून केळ्याच्या आकाराची अरुंद नळी मागे ठेवतात, आणि काढलेल्या भागात तो घुमटच असतो. उरलेली नळी ताठर असते, सहज फुगत नाही. मग कोंडलेला वायू कळ आणतो, किंवा आंबट पाणी घेऊन घशाशी येतो. दुसऱ्या प्रकारात जठराची जेमतेम अंगठ्याएवढी पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अमेरिकेत आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी 1966 साली या मार्गाचा पाया घातला. या रुग्णांना वायूपेक्षाही साखर छळते. गोड पेय एकदम आतड्यात उतरते, आणि घाम, धडधड, भोवळ, जुलाब असा गोंधळ उडतो. दोनशे मिलिलिटर कोलाच्या बाटलीत वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे.

आता बिनसाखरेचा सोडा. त्यात साखर नाही हे खरे, पण वायू तोच आणि आंबटपणाही तोच. उलट बाटली हलवून वायू घालविला तर साखर तशीच राहते. आणि एक वस्तू सर्वजण विसरतात : पित्तावर घेण्याचे फसफसणारे चूर्ण. ते पाण्यात टाकून फेस येत असतानाच पिणे म्हणजे घरी केलेला सोडाच होय. जीवनसत्त्वांची फसफसणारी गोळी लिहून दिली असेल, तर फेस पूर्ण शमल्यावर ते पाणी घ्यावे.

जन्मभराचे पथ्य काय, या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. सोड्याने जठराची पिशवी ताणून कायमची मोठी होते असे पुष्कळदा सांगितले जाते. त्याला भक्कम पुरावा नाही, आणि भीती घालण्यासाठी ते सांगू नये. पहिल्या महिन्यांत, टाके भरून येईपर्यंत, थेंबही घेऊ नये. पुढे काहींना एखादा घोट त्रास न होता पचतो. तरीही शल्यवैद्य सर्रास ‘टाळा’ असेच सांगतात, आणि मला ते पटते. गोड पेयाने पोट भरल्याचे समाधान होत नाही, साखर मात्र अंगी लागते, आणि इतक्या कष्टाने उतरलेले वजन याच वाटेने हळूच परत येते.

मग प्यावे काय? दिवसभरात दीड लिटर तरी द्रव पोटात गेले पाहिजे. पण घोट घोट, आणि जेवणानंतर अर्धा तास सोडून. साधे पाणी, पातळ ताक, पेजेची निवळ. तुमच्या रानात भिरंड पिकते. त्याच्या सोलांचे मीठ घातलेले पाणी, साखर न घालता, उत्तम. छातीत जळजळ होत असेल तर तेही बेताने. बाजारचे कोकम सरबत मात्र नको, तो साखरेचा पाकच असतो.

अणशीच्या घाटाचा उल्लेख आरंभी केला तो यासाठी. ओकारी एक दिवसाहून अधिक चालली, पाणीही पोटात टिकेना, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये. त्याच दिवशी कारवार गाठावे. शस्त्रक्रियेनंतर सतत ओकाऱ्या झाल्या की शरीरातील ब1 जीवनसत्त्व झपाट्याने संपते. चाल डगमगते, दृष्टी दुहेरी होते, मन भ्रमिष्ट होते. अशा वेळी ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी ब1चे इंजेक्शन द्यावे लागते, म्हणून डॉक्टरांना शस्त्रक्रियेची माहिती प्रथम सांगावी. तिचा कागद घरात हाताशी ठेवावा. या वेळची कळ एका रात्रीत शमली असली, तरी आपल्या शल्यवैद्यांना ती कळवाच.

राहिली गुप्ततेची गोष्ट. 2011 साली नितीन गडकरी यांनी मुंबईत हीच वाट धरली आणि ती वृत्तपत्रांतून सर्वांना कळली; त्यांचे काही बिघडले नाही. गावभर दवंडी पिटा असे मी म्हणत नाही. “पोटाचे ऑपरेशन झाले आहे, डॉक्टरांनी मना केले आहे,” एवढे एक वाक्य पुरे. लग्नघरात त्यावर कोणी आग्रह करीत नाही. पुढच्या लग्नाला सोलांच्या पाण्याची बाटली पिशवीत घेऊन जा.

आणि सासूबाईंना हा अंक वाचून दाखवा. ढेकर का येत नाही, एवढे त्यांना कळले की लिंबू त्या साध्या पाण्यातच पिळतील.