गडाच्या वनासाठी एक सप्ताह

श्रावणी पौर्णिमा आली, की मराठवाड्यातील आणि पैनगंगेपलीकडील विदर्भातील भाविकांची पावले माहूरगडाकडे वळतात. पावसाच्या सरी अंगावर घेत, डोंगरदऱ्यांतील वाटा तुडवीत परिक्रमा करणारा तो समुदाय पाहिला, म्हणजे श्रद्धेचे बळ किती असते याची प्रचीती येते. साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक पूर्ण पीठ. श्रीरेणुकामाता, दत्तशिखर, अनसूयामाता अशी पावन स्थाने येथे एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात आहेत. श्रीदत्तप्रभूंचे स्नान काशीस, भिक्षा कोल्हापुरास आणि निद्रा माहुरास, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. देवाने विसाव्यासाठी नगर निवडले नाही, अरण्य निवडले, ह्या गोष्टीचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

त्या अरण्याची आज काय अवस्था आहे, हे परिक्रमेच्या वाटेवर डोळे उघडे ठेवून चालणाऱ्यास सांगावे लागत नाही. नांदेड जिल्ह्यातील बहुतेक वन किनवट आणि माहूर ह्या दोन तालुक्यांत एकवटलेले आहे. साग, ऐन, धावडा, सालई, मोह, पळस, बेल हे येथील मूळ रहिवासी. डोंगरउतारावरचे असे वन म्हणजे केवळ शोभा नव्हे. ते डोंगराचे चिलखत आहे. कोसळणाऱ्या थेंबाचा जोर पानोळा झेलतो, खालचा पाचोळा पाणी धरून ठेवतो आणि मुळे मातीला घट्ट कवळून बसतात. हे चिलखत गळाले, की खडकावरची वीतभर माती दोनचार पावसाळ्यांत वाहून जाते, झरे माघातच आटतात आणि पायथ्याचे ओढे गाळाने भरतात.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक जीव मातीखाली गेले. अशा आपत्तीची कारणे अनेक असतात, आणि माहूरचा डोंगर म्हणजे सह्याद्रीचा घाटमाथा नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि उताराशी केलेला अविचार उतार विसरत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही. स्वित्झर्लंडमधील आंडरमाट ह्या डोंगरी गावाच्या लोकांनी हिमलोटांपासून रक्षण करणारे आपल्या माथ्यावरील वन तोडू नये, असा लेख १३९७ सालीच करून ठेवला होता. त्याच देशात १९८७ पासून सामान्य नागरिक एकेक आठवडा अशा संरक्षक वनांत जाऊन रोपे लावण्याचे व वाटा दुरुस्त करण्याचे काम स्वेच्छेने करीत आले आहेत.

आपणांस हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. सप्ताह ही तर मराठवाड्याची जिव्हाळ्याची संस्था आहे! ज्या गावात अखंड हरिनाम सप्ताह होत नाही, असे गाव आमच्याकडे शोधावे लागेल. विणा खाली ठेवायची नाही, पहारा मोडू द्यायचा नाही, पंगतीत कोणास वगळायचे नाही, ही शिस्त लहान मुलासही ठाऊक असते. ह्याच शिस्तीने गडाच्या वनासाठी वर्षातून एक सप्ताह का होऊ नये? पहाटे काकडा, दिवसा खड्डे आणि रोपे, सायंकाळी हरिपाठ आणि सातव्या दिवशी काल्याचे कीर्तन. मत्स्यपुराणाने एक वृक्ष दहा पुत्रांच्या तोलाचा मानला आहे. तेव्हा ही देवसेवा नव्हे असे कोण म्हणेल?

यावर एक आक्षेप हमखास येतो. वृक्षारोपण हे सरकारचे काम, आणि ते पुष्कळ झाले आहे, असे म्हटले जाते. झाले आहे खरे. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी देशात वनमहोत्सव सुरू केला. आपल्या राज्याने २०१७ मध्ये १ ते ७ जुलै ह्या सप्ताहात चार कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपांचा संकल्प सोडला. परंतु लावलेल्यांतील जगली किती, हा प्रश्न पुढे विधिमंडळातही विचारला गेला. सरकारकडे बोट दाखविण्यापूर्वी आपणही आपले अंतःकरण तपासावे. रोपासह छायाचित्र काढून घेणारे हात पुष्कळ असतात. चैत्रात त्याच रोपाला घागरभर पाणी घालणारे हात किती? मूर्तीची प्रतिष्ठापना करून नित्यपूजा टाळणाऱ्यास आपण दोष देतो. मग रोप लावून पाठ फिरविणे, हाही तसाच दोष मानावयास नको काय?

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे, की हा सप्ताह आषाढातील सात दिवसांवर संपू नये. आज संकल्प करावा. पावसाळा सरण्यापूर्वी मेलेल्या रोपांच्या नांग्या भराव्यात, आळी करावीत. हिवाळ्यात वणवा अडविणाऱ्या जाळरेषा काढण्यास हातभार लावावा. उन्हाळ्यात उतारावर समतल चर आणि खड्डे खोदावेत. आषाढात रोपे लावावीत आणि पुढल्या श्रावणी पौर्णिमेस परिक्रमेच्या वाटेवर आपले रोप स्वतः पाहून यावे. हे सर्व वनखात्याच्या अनुमतीने व्हावे, रोपे ह्याच मातीतील असावीत, आणि जे कोलाम, गोंड, आंध बांधव ह्या वनात पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यांना मार्गदर्शक मानूनच पुढे जावे. कोणते झाड कोठे तग धरते, हे त्यांच्याइतके आपणांस कळत नाही.

लातूरकर वाचक विचारतील, की आमचा येथे काय संबंध? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्यांनी घागरीत भरून घेतले, त्यांना वनाचे मोल वेगळे सांगावयास नको. माहूरच्या झाडाने मांजरा भरणार नाही, हे खरे. पण चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथाचे बेट वनौषधींसाठी प्रसिद्ध आहे; राज्यातील अत्यल्प वन असलेल्या जिल्ह्यात असे बेट हेच देवस्थान होय. ज्यांना गड दूर, त्यांनी आपल्या बेटावर सप्ताह मांडावा.

आज घरोघरी रक्षासूत्र बांधले जाईल. जो आपले रक्षण करतो, त्याच्या हाती आपण ते बांधतो. गडावरचे वन आपल्या मातीचे, झऱ्यांचे आणि देवाच्या निद्रेचे रक्षण करीत उभे आहे. त्याच्या रक्षणास कोण उभे राहणार, ह्याचे उत्तर परिक्रमेस निघणाऱ्या प्रत्येक भाविकाने स्वतःपुरते द्यावे. आईच्या चरणी नारळ वाढवून परतताना एका रोपाचा पहारा आपल्या शिरावर घेतला, तर ती यात्रा सुफळ संपूर्ण झाली, असे आम्ही मानू.