आत्मा वगळलेली जलपरी

हान्स ख्रिश्चन अँडरसन या डॅनिश लेखकाची ‘छोटी जलपरी’ ही कथा १८३७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून डिस्ने कंपनीने १९८९ साली एक कार्टूनपट काढला आणि २०२३ च्या मे महिन्यात तोच चित्रपट जिवंत नटनटींसह पुन्हा पडद्यावर आणला. पिंपरी-चिंचवडच्या चित्रपटगृहांतून आमच्या धर्मग्रामातील कित्येक मुलेमुली तो पाहून आली. समुद्राचे रंग आणि गाणी त्यांना आवडली. आम्हांसही ती आवडली. आमची तक्रार कथेविषयी आहे.

अँडरसनच्या कथेत जलचर तीनशे वर्षे जगतात आणि मेल्यावर समुद्राचा फेस होतात. माणसाचे आयुष्य तोकडे, परंतु त्याला अमर आत्मा असतो, असे आजी नातीला सांगते. त्या क्षणापासून नातीला दोन गोष्टींचा ध्यास लागतो : तिने बुडताना वाचवलेला राजपुत्र आणि तो अमर आत्मा. पायांच्या मोबदल्यात चेटकीण तिची जीभ कापून घेते. प्रत्येक पाऊल सुरीवर पडावे तसे दुखते. एवढे सोसूनही राजपुत्र दुसऱ्याच राजकन्येशी विवाह करतो. आपल्याला हिनेच वाचवले, हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही. विवाहाच्या रात्री तिच्या बहिणी आपले केस चेटकिणीला देऊन एक सुरी आणतात. सूर्योदयापूर्वी ती राजपुत्राच्या काळजात खुपस, त्याचे रक्त पायांवर पडले की तू पुन्हा जलपरी होशील, असे त्या विनवतात. ती तंबूत शिरते, निजलेल्या नवरानवरीकडे पाहते, राजपुत्राचे कपाळ चुंबते आणि सुरी समुद्रात भिरकावून देते.

ही या कथेची कणा असलेली घटना होय. दोन्ही चित्रपटांत ती नाही. तेथे जीभ कापली जात नाही, आवाज तेवढा शिंपल्यात बंद होतो आणि शेवटी परतही मिळतो. पाय दुखत नाहीत. राजपुत्र अखेर तिलाच वरतो. आत्म्याचा ध्यास तर समूळ नाहीसा झाला आहे. ‘आत्मा’ हा शब्द उरला तो चेटकिणीच्या गाण्यात, तिच्या कंत्राटात अडकलेल्या दुर्दैवी गिऱ्हाइकांपुरता! १९८९ मध्ये राजपुत्र जहाजाचे टोक चेटकिणीच्या देहात घुसवतो. २०२३ मध्ये ते काम नायिका स्वतः करते आणि ही प्रगती म्हणून वाखाणली जाते. चेटकीण साऱ्यांच्या नाशाला उठली होती, हे आम्हांस मान्य आहे. तरी मूळ कथेतील मुलगी हातातले शस्त्र टाकते आणि नव्या कथेतील मुलीच्या हाती ते मुद्दाम दिले जाते, एवढी नोंद आम्ही करून ठेवतो. गंमत अशी की नव्या चित्रपटाच्या आरंभी जलपरीच्या न गळणाऱ्या अश्रूंविषयीचे अँडरसनचेच एक वाक्य झळकते. म्हणजे मूळ पुस्तक यांनी वाचलेले आहे.

चित्रपट येण्याआधी वाद माजला तो नायिकेच्या काळ्या वर्णावरून. वेलंकनीच्या मातेला साडी नेसलेली पाहून हात जोडणाऱ्या आमच्या लोकांनी तरी त्या वादात पडण्याचे कारण नव्हते. जलपरीचा रंग बदलल्याने कथेचे काहीच बिघडत नाही.

जुनी कथा नव्याने सांगण्यास आमचा विरोध असता तर आम्ही फादर थॉमस स्टीफन्सचे नावही घेतले नसते. या इंग्रज येशूसंघीयाने पवित्र शास्त्रातील कथा ओव्यांत रचल्या आणि १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. त्याने भाषा, छंद, अलंकार सारे या मातीचे घेतले. परंतु श्रोत्यांना रुचणार नाही म्हणून क्रूस गाळला नाही. साने गुरुजींनी जॉर्ज इलियटच्या ‘सायलस मार्नर’वरून ‘मनूबाबा’ लिहिले, तेव्हा माणसे आपल्याकडची केली. पण सोने गमावलेल्या विणकराच्या दारी एक पोरकी मुलगी येते, हे मर्म तसेच ठेवले. कथाकाराने वेश खुशाल बदलावा. काळीज काढून घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

मुलांची करमणूक आहे, फादर, एवढे मनावर का घेता, असे पालक म्हणतात. घेतो, कारण या कथेचा विषय एकतर्फी प्रेम हा आहे आणि महाराष्ट्राने त्या शब्दाचा भयंकर अर्थ पाहिला आहे. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेच्या वर्गात एका विद्यार्थिनीला जाळण्यात आले. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाट येथे एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आले. मधल्या तीस वर्षांत वर्तमानपत्रांतून ‘एकतर्फी प्रेमातून’ हे दोन शब्द किती वेळा छापले गेले असतील! ज्याला नकार मिळाला त्याच्या हाती सुरी येते, तेव्हा त्याने काय करावे, हा प्रश्न अँडरसनने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी तरुण वाचकांपुढे ठेवला होता. डिस्नेने तो पुसून टाकला. मनापासून प्रेम केले की ते मिळतेच, असे आता सांगितले जाते. मग ज्याला मिळाले नाही, त्याने आपली फसवणूक झाली असे का समजू नये?

दुःखान्त कथा कोवळ्या मनाला पेलत नाही, हा दुसरा आक्षेप. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर राबणारी, कायम होण्याची वाट पाहणारी आमची मुले दुःखाला अपरिचित आहेत, हे कोणी ठरवले? गुड फ्रायडेला क्रूसाच्या वाटेच्या चौदाही स्थानांवर ती आमच्याबरोबर गुडघे टेकतात. त्यांना सुरीचे एक पान पेलणार नाही?

शिवाय कथेचा शेवट निव्वळ दुःखाचा नाहीच. फेस होण्याऐवजी जलपरी हवेच्या कन्यांमध्ये जाते. तीनशे वर्षे सत्कर्मे केली की तिलाही अमर आत्मा मिळेल, असे तिला सांगण्यात येते. हा शेवट मागाहून चिकटवला असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की लेखकाने आधी ‘हवेच्या कन्या’ हेच नाव कथेस योजले होते. अर्थात येथे आमचेही अँडरसनशी भांडण आहे. आत्मा कर्मांनी कमावता येत नाही आणि विवाहाने वाटूनही घेता येत नाही. तो प्रत्येकाला देवाकडून थेट लाभतो, असे ख्रिस्तसभा शिकवते. मुले वात्रटपणा करून जलपरीला रडवतात, तेव्हा तिच्या प्रत्येक अश्रूमागे तिची मुदत एका दिवसाने वाढते, ही शेवटची पुस्ती तर शाळामास्तरी थाटाची आहे. पण अँडरसनशी भांडता येते, कारण त्याने भांडण्याजोगे काही लिहिले आहे. चित्रपटाशी काय भांडावे?

युवक मंडळाच्या आगामी बैठकीत चित्रपटाऐवजी मूळ कथा मराठीतून वाचून दाखवण्याचे आम्ही ठरवले आहे. सुरीच्या पानापाशी वाचन थांबवून पुढे काय व्हावे, हे मुलांनाच विचारणार आहोत. पालकांनीही यावे.