चोर सोडून संन्याशाला सुळी : काळ्या पडद्याचा खरा इतिहास

१/ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी असंख्य चालती यंत्रे त्या दिवशी ‘कालबाह्य’ ठरली. त्यांवर लिनक्स बसवा म्हटले, की ठरलेले उत्तर येते : ‘पडदा काळा पडतो, खिडक्या थरथरतात, फुकटचे ते फुकटचेच.’ या उत्तराची आज पुराव्यानिशी तपासणी. #थ्रेड

२/ हा प्रश्न शहरापेक्षा गावाचा अधिक आहे. तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आणि धरणे उशाशी असूनही शहापूर तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. संगणकांचा प्रवाह उलटा आहे. शहरातील कचेऱ्यांनी बाजूला काढलेली यंत्रे ग्रामीण शाळांच्या वाट्याला येतात. त्यांतले एखादे आणखी पाच वर्षे चालेल की भंगारात जाईल, हे पुष्कळदा त्यातील ग्राफिक्स चिप ठरवते.

३/ ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. पडद्यावर खिडक्या रंगवणारे डेस्कटॉप सॉफ्टवेअर एक भाषा बोलते, चिप दुसरी. चिपची भाषा तिच्या निर्मात्याला ठाऊक असते. त्याने शब्दकोशच दडवून ठेवला, तर दुभाष्याने अंदाजाने भाषांतर करायचे. ते चुकले, तर दोषी कोण?

४/ या भांडणाचे मूळही एका ड्रायव्हरपाशीच पोहोचते. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेतील झेरॉक्स मुद्रणयंत्र वारंवार अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करायची होती. पण मूळ संहिता त्यांना नाकारण्यात आली. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे या नकाराचा मोठा वाटा होता.

५/ ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये ‘मेसा’ हा मुक्त ग्राफिक्स प्रकल्प आरंभला. पुढे एनव्हिडियाच्या कार्डांसाठी स्वयंसेवकांनी ‘नुव्हो’ ड्रायव्हर लिहिला. हाती कागदपत्रे नव्हती. कंपनीचा बंद ड्रायव्हर चिपला काय आज्ञा देतो हे टिपून, त्यांवरून अर्थ लावत तो रचला गेला. २०१० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. अज्ञात लिपी उलगडण्याच्या तोडीचे हे काम. त्याला ‘फुकटचे’ म्हणणे हा कृतघ्नपणा आहे.

६/ आणि या कष्टाचे फळ काय? २०१४ च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून एनव्हिडियाच्या चिपा कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असलेलेच फर्मवेअर स्वीकारू लागल्या. वेग वाढवण्याची किल्ली नुव्होच्या हाती राहिली नाही. कार्ड चालते, पण सुरू होतानाच्या मंद गतीनेच. वापरणारा म्हणतो, ‘लिनक्स संथ आहे.’ चोर सोडून संन्याशाला सुळी ती हीच.

७/ जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाला जाहीरपणे शिवी हासडली. लोक त्या शिवीवर हसले. कारण मात्र विसरले. मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा गाभ्यातील भाग खुला केला, तोही नव्या पिढीच्या कार्डांपुरता. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांना त्याचा लाभ नाही. याच कंपनीचे मोठे अभियांत्रिकी केंद्र आपल्या पुण्यात आहे. म्हणून हा विषय ‘परदेशातला’ म्हणून झटकता येत नाही.

८/ ‘व्यापारी गुपिते असतात हो!’ असा बचाव होतो. तो एएमडीने खोटा पाडला. २००६ मध्ये एटीआय विकत घेतल्यावर, २००७ पासून तिने चिपांची तांत्रिक कागदपत्रे प्रसिद्ध करायला आरंभ केला. तिने चिपचा आराखडा उघड केला नाही, तिच्याशी बोलायचे कसे तेवढे सांगितले. कंपनी बुडाली नाही. २००२ च्या रेडियन ९७०० पिढीचा मुक्त ड्रायव्हर तर दोन दशकांनंतरही मेसात टिकून राहिला.

९/ मात्र मुक्त गोटही धुतल्या तांदळासारखा नाही. २०१० मध्ये केडीई ४.५ आले, तेव्हा काही मुक्त ड्रायव्हर ‘ही सोय मला जमते’ असे डेस्कटॉपला कळवत. प्रत्यक्षात ती वापरली की पडदा रखडे. २०११ च्या ग्नोम ३ ने त्रिमितीय प्रवेग जवळजवळ अनिवार्य केला. जुन्या यंत्रांसाठी ठेवलेली साधी पद्धत २०१३ मध्ये काढून टाकली आणि तो भार मुख्य प्रोसेसरवर टाकला. झुळझुळीत सावल्यांसाठी दुबळ्या यंत्राला वेठीस धरणे ही मुक्ततेची भाषा नव्हे.

१०/ दोन्ही बाजूंनी जुळवून घेतले तर काय होते? २००७ मध्ये शेजारच्या रायगड जिल्ह्यातील एका छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाची यंत्रे आली. मेमरी अवघी २५६ एमबी. पण एएमडी जिओड चिपचा ग्राफिक्स ड्रायव्हर मुक्त आणि ‘शुगर’ हा डेस्कटॉप त्याच यंत्राच्या मापाने शिवलेला. त्या प्रकल्पावर इतर आक्षेप पुष्कळ आहेत. तरी चिप आणि डेस्कटॉप एकमेकांना ओळखत असले, तर गरीब यंत्रही काम देते, हे त्याने दाखवले.

११/ बखरीवर विसंबू नका, अस्सल कागद पाहा, हा राजवाड्यांचा धडा आपण सारे गिरवतो. ‘लिनक्सवर पडदा काळा पडतो’ ही बखर आहे. मुक्त ड्रायव्हरचे दफ्तर सर्वांसाठी उघडे आहे. प्रत्येक बदलापुढे नाव आणि तारीख आहे. बंद ड्रायव्हरच्या दफ्तराला कुलूप आहे. ज्याने कुलूप लावले, त्याच्याकडे आधी जाब मागा.

१२/ म्हणून मागणी साधी आहे. शाळांसाठी यंत्रे घेताना किंवा दान स्वीकारताना एक अट लेखी घाला : ग्राफिक्स चिपचा मुक्त ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात असलाच पाहिजे. आणि डेस्कटॉप रचणाऱ्यांनी साधा, हलका मार्ग कायम ठेवावा. नाहीतर तानसाकाठच्या शाळेला आपण संगणक नव्हे, भंगार पोहोचवतो आणि वर त्याला दान म्हणतो.