संगणक-कट्टा : नळावरची रांग

दोस्तांनो, दहावीचा निकाल लागतो तेव्हा घरोघरी एकाच वेळी संकेतस्थळ उघडलं जातं. पान काही येत नाही, अन् ताईच्या पोटात गोळा! तिकडे सर्व्हर सांभाळणारी माणसं तीन आकडे बघत असतात. समजा, ते आहेत ३.२०, ७.५० आणि १२.१०. याला म्हणतात लोड अ‍ॅव्हरेज.

हे टक्के नव्हेत बरं का! ही आहे रांगेची लांबी. चाळीतला सार्वजनिक नळ डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसरचा एकेक कोअर म्हणजे एकेक तोटी. बादली भरणारे आणि ताटकळणारे, दोघंही मोजायचे. लिनक्स दर ५ सेकंदांनी अशी मोजदाद करतं. जुनी मोजणी हळूहळू पुसट होत जाते. पहिला आकडा साधारण गेल्या १ मिनिटाचा, मग ५ चा, मग १५ चा. म्हणजे आपल्या सर्व्हरवरची गर्दी ओसरतेय! तोट्या ४ असतील तर ३.२० ठीक; एकच असेल तर पंचाईत. शिवाय लिनक्सला १९९३ पासून एक खोड आहे. डिस्कची वाट बघत थिजून बसलेली कामंही ते यातच धरतं. त्यामुळे तोट्या मोकळ्या असूनही आकडा फुगलेला दिसू शकतो.

आता खरी गंमत. हल्ली एकाच सर्व्हरवर पुष्कळ कंटेनर नांदतात, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे. खोल्या वेगळ्या; पण नळ आणि नळावरचा रखवालदार, म्हणजे कर्नल, सामाईक. एखाद्यानं आपल्या खिडकीतून रांग मोजली, तर सहसा त्याला अख्ख्या चाळीची रांग दिसते! धुमाकूळ शेजारचा घालतो, आकडा मात्र दोघांनाही तोच. घाईघाईत निकालाचाच कंटेनर बंद केला तर? ताईचं काय!

उलटंही होतं. कंटेनरला पाण्याचा वाटा ठरवून दिलेला असला, तर तो संपल्यावर रखवालदार त्याला पुढच्या पाळीपर्यंत रांगेतच उभं राहू देत नाही. रांग छोटी अन् बिऱ्हाड तहानलेलं! म्हणून जाणकार त्या कंटेनरची ‘सीपीयू.स्टॅट’ ही हिशेबाची फाइल उघडतात. त्याला कितीदा अडवलं ते तिथं लिहिलेलं असतं. वाट बघण्यात किती टक्के वेळ गेला, हेही २०१८ पासून लिनक्स सांगू शकतं, तेही प्रत्येक बिऱ्हाडाचं वेगवेगळं.

कुणाच्या घरी लिनक्स आहे? इंग्रजीत ‘अपटाइम’ टाइप करून एंटर दाबा. ओळीच्या शेवटी तीन आकडे दिसतील. पण आधी तोट्या किती, ते विचारून ठेवा हं!