पुनर्वसन सातबाऱ्यावर संपत नाही

परक्या मुलखात नव्याने संसार मांडण्याचा अनुभव नंदुरबार जिल्ह्यातल्या हजारो आदिवासींनी देश न सोडताच घेतला आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्रातली ३३ गावे आली. त्यातली २४ अक्राणी तालुक्यातली आणि ९ अक्कलकुवा तालुक्यातली. काही कुटुंबे राज्याची हद्द ओलांडून गुजरातेत गेली. पुष्कळशी सातपुडा उतरून तळोदा, शहादा तालुक्यांच्या सपाटीवर रोझवा, रेवानगर, नर्मदानगर, सरदारनगर, गोपाळपूर, वडछील अशा वसाहतींत आली. नकाशावर हे अंतर फार नाही. पण घर, शेत, सरपण, बाजार, भाषा, देव आणि शेजार हे सगळे एकाच वेळी बदलते, तेव्हा अंतर किलोमीटरांत मोजून चालत नाही. सरकारी दफ्तरात मात्र मोजमाप सोपे असते. जमिनीचा ताबा दिला, प्लॉट दिला, सातबाऱ्यावर नाव चढले की पुनर्वसन झाले. माझे म्हणणे असे की ही मोजपट्टीच अपुरी आहे. कुटुंब नव्या जागी रोजचे जगणे स्वतःच्या बळावर चालवू लागले का, आणि त्याची पुढची पिढी तिथे टिकली का, यावरच पुनर्वसन पुरे झाले की नाही ते ठरायला हवे.

आधी या मोजपट्टीला तिचे श्रेय देऊ. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ मध्ये दिलेला निवाडा त्या काळाच्या मानाने उदार होता. पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर सिंचनयोग्य जमीन, सज्ञान मुलगा हे वेगळे कुटुंब, घरासाठी साठ फूट बाय नव्वद फुटांचा प्लॉट, शंभर कुटुंबांमागे प्राथमिक शाळा, पन्नास कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची विहीर, पाचशे कुटुंबांमागे दवाखाना आणि पंचायतघर, असे सारे त्यात लिहिलेले आहे. त्याआधी महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला होता. म्हणजे नुसते पैसे हातावर ठेवून माणसांना वाटेला लावायचे नाही, हे तत्त्व आपल्याकडे अर्धशतकापूर्वीच मान्य झाले. उणीव आहे ती या यादीच्या स्वभावात. जे बांधता येते आणि वाटता येते, तेवढेच यादीत बसते.

डोंगरातला संसार बव्हंशी यादीबाहेरच्या गोष्टींवर चालत होता. शेतात ज्वारी-मका आणि कडधान्ये, नदीत मासे, जंगलात मोह, चारोळी, तेंदूपाने, बांबू, सरपण आणि गुरांना चराई. यातले बरेच काही विकत घ्यावे लागत नव्हते. शेतीच्या मोठ्या कामाला गाव ‘लाह’ने जमायचे, एकमेकांच्या शेतात राबून मजुरीचा खर्च टळायचा. घरे विखुरलेली, प्रत्येकाचे आपापल्या शेताजवळ. सपाटीवर आल्यावर घरे रांगेत आली आणि संसार रोख पैशावर आला. काळ्या जमिनीतल्या कपाशीला बियाणे, खत, औषध विकत घ्यावे लागते. विहिरीवर मोटार बसवली की विजेचे बिल येते. सरपणाला पऱ्हाट्या, नाहीतर सिलिंडर. तो भरायला पुन्हा पैसे. गुरे चारायला रान नाही म्हणून जनावरे कमी होतात आणि शेणखतही जाते. दोन हेक्टर जमीन ही गमावलेल्या शेतीची भरपाई असेल. गमावलेल्या जंगलाची आणि नदीची भरपाई त्या दोन हेक्टरांतून निघत नाही. शिवाय डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या कित्येक जमिनी सरकारी दफ्तरी नावावरच नव्हत्या. त्या कसणारा कागदावर भूमिहीन ठरला की नवी मोजणी त्याच्या विरोधातच सुरू होते.

हे फक्त नर्मदेचे गाऱ्हाणे नाही. आफ्रिकेत झांबेझी नदीवरच्या करिबा धरणासाठी १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ५७ हजार टोंगा लोक हलवले गेले. एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर या मानववंशशास्त्रज्ञांनी त्यांचा माग पुढे कित्येक दशके ठेवला. स्कडर यांचा निष्कर्ष असा की पहिली काही वर्षे लोक सावधपणे, जुन्या सवयींना घट्ट धरून काढतात. पुनर्वसन जमले की फसले हे कळायला दुसरी पिढी यावी लागते. मायकेल चेर्निया या समाजशास्त्रज्ञाने विस्थापनाचे आठ धोके मांडले. त्यांत जमीन, घर आणि रोजगार जाण्याच्या बरोबरीने सामायिक संसाधने हातची जाणे आणि समाजाची वीण उसवणे यांनाही जागा आहे. आपली सरकारी यादी पहिल्या तिन्हींपाशी बरीचशी थांबते. दुसऱ्या पिढीचा हिशेब नंदुरबारमध्ये आता उघड दिसू शकतो. १९९३ मध्ये बुडितातल्या मणिबेली गावात धरणाचे पाणी शिरले, त्या वर्षी जन्मलेले मूल आज तिशी ओलांडून गेले आहे. बापाच्या दोन हेक्टरांत तीन भाऊ असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेदोन एकरही येत नाही. डोंगरात वाढत्या कुटुंबाला नवे रान फोडायची सोय होती. वसाहतीच्या शिवाराला ती नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सोयींचा. डोंगरात रस्ता नव्हता, वीज नव्हती, आजाऱ्याला झोळीतून न्यावे लागे. खाली शाळा आहे, दवाखाना आहे. सर्वोच्च न्यायालयानेही या धरणाविषयीच्या १८ ऑक्टोबर २००० च्या बहुमताच्या निकालात, नव्या जागी विस्थापितांचे जीवनमान सुधारेल असाच विचार मांडला. यात तथ्य आहे. डोंगरातले कष्ट रम्य ठरवण्यात काही अर्थ नाही. मात्र रस्ता, शाळा आणि दवाखाना हा नागरिकाचा हक्क आहे. तो घर बुडाल्याचा मोबदला ठरू शकत नाही. आणि सोय असणे वेगळे, ती वापरता येणे वेगळे. दवाखान्यात पावरी किंवा भिली समजणारे कोणी असावे, शाळेत पहिलीच्या मुलाला घरच्या भाषेतून मराठीकडे नेणारा शिक्षक असावा, या अटी निवाड्याच्या यादीत नाहीत. त्या अशक्य मात्र नाहीत. नर्मदा खोऱ्यात नव्वदीच्या सुरुवातीपासून चाललेल्या जीवनशाळांनी मुलांची भाषा वर्गात आणून दाखवली आहे.

दुसरा आक्षेप असा की स्थलांतर तर सगळेच करतात. खेड्यातून पुण्याला, पुण्याहून अमेरिकेला माणसे जातात आणि रुळतात; आदिवासीच का रुळू नयेत? ते रुळतातच, पण तुलना नीट करायला हवी. परदेशी जाणारा स्वतः ठरवून जातो, शिक्षणाची किंवा नोकरीची तयारी करून जातो, आधी गेलेल्यांचा आधार घेतो आणि नाही जमले तर परत येतो. विस्थापिताला यातले पहिले आणि शेवटचे, दोन्ही नाकारलेले असते. त्याचे गाव पाण्याखाली असते. गावाबरोबर वाघदेवाचे ठाणे आणि वाडवडिलांना जिथे पोचवले ती जागाही जाते. ज्याचा परतीचा मार्ग आपण बंद केला, त्याच्या पुढच्या वाटेची जबाबदारी आपल्यावर जास्त येते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सरकारने किती वर्षे पाठीशी राहायचे? कायमचे आश्रित करून ठेवणे हेही अपमानाचेच. शिवाय यजमान गावांचाही प्रश्न आहे. तळोद्याची जी जंगलजमीन वसाहतींसाठी मोकळी केली गेली, ती आधीपासून कसणारेही आदिवासीच होते. एकाचे पुनर्वसन दुसऱ्याचे विस्थापन होऊ नये. हे मान्य करूनही मुदत ठरवता येते. कायमचे अनुदान कोणी मागत नाही. तपासणी एका पिढीपुरती, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांची, असावी आणि ती ग्रामसभेने करावी. तळोदा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. अशा क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने पुनर्वसनाआधी ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा सल्ला घेणे बंधनकारक केले. तोच अधिकार पुनर्वसनानंतरच्या लेखाजोख्यापर्यंत वाढवला पाहिजे.

या लेखाजोख्यात विचारायचे प्रश्न साधे आहेत. शेतीचा खर्च वजा जाता घरात वर्षभराचे धान्य उरते का? किती कुटुंबांनी जमीन गहाण टाकली किंवा बटाईने दिली? किती जण ऊसतोडीला गुजरातेत जातात? सरपण आणि चराईसाठी वसाहतीला सामूहिक वनहक्क मिळू शकतो का? यजमान गावाशी पाण्यावरून तंटा आहे का? उत्तरे वाईट आली तर पुनर्वसनाची फाइल उघडी राहील आणि त्यासाठी निधी प्रकल्पाच्या खर्चातूनच येईल, अशी तरतूद असावी. सरदार सरोवराची १३८.६८ मीटर उंची २०१७ मध्ये पुरी झाली आणि २०१९ मध्ये ते काठोकाठ भरले. धरणाच्या पाण्याची पातळी रोज मोजली जाते. ज्यांनी त्यासाठी गाव सोडले, त्यांच्या जगण्याची पातळी वर्षातून एकदा मोजणे सरकारला जड जाऊ नये.