सरासरी चेहऱ्याचा धोका

१९४५ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात एका वृत्तपत्राने स्पर्धा जाहीर केली. तिथल्या आरोग्य संग्रहालयात ‘नॉर्मा’ नावाचा तरुणीचा पुतळा होता. हजारो तरुण, गोऱ्या अमेरिकन स्त्रियांची मापे गोळा करून, त्यांची सरासरी काढून तो घडवला होता. त्याच्याशी जिची मापे सर्वांत जवळची, ती विजेती. ३,८६४ जणींनी आपली मापे पाठवली. नऊच्या नऊ मापे एकीचीही जुळली नाहीत. नऊपैकी पाच जुळलेल्याही चाळीसच्या आतच भरल्या. यावरून खरे तर पुतळ्याविषयी शंका यायला हवी होती. त्या काळच्या अनेक जाणकारांनी मात्र दोष स्त्रियांच्या शरीरांना दिला.

सौंदर्याच्या कल्पना काळानुसार कशा बदलत गेल्या, हे आकडेवारीतून दाखवण्याची आज मोठी हौस आहे. मासिकांची मुखपृष्ठे किंवा नट्यांची छायाचित्रे घ्यायची, प्रत्येक चेहऱ्यावर डोळ्यांचे कोपरे, नाकाचा शेंडा, ओठांच्या कडा अशा खुणा करायच्या, त्या एकमेकींवर बसवायच्या आणि रंगांची सरासरी काढायची. की झाला तयार त्या दशकाचा ‘आदर्श’ चेहरा. तो नेहमीच नितळ आणि प्रमाणबद्ध दिसतो, कारण व्रण, तीळ, वाकडेपणा बेरजेत पुसले जातात. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने १८७०च्या दशकाच्या अखेरीस गुन्हेगारांची छायाचित्रे अशीच एकावर एक घेतली, तेव्हा एकत्रित चेहरा मूळ चेहऱ्यांपेक्षा देखणा निघाला होता. म्हणजे आपण ज्याला युगाचे सौंदर्य म्हणतो, त्यातला बराच भाग निव्वळ पद्धतीने घडवलेला असतो. याच गॉल्टनने ब्रिटनचा ‘सौंदर्यनकाशा’ही केला. रस्त्याने चालताना दिसेल त्या स्त्रीला मनात श्रेणी द्यायची आणि खिशातल्या कागदाला टाचणीने भोक पाडायचे. लंडन पहिले आले, ॲबर्डीन शेवटचे. मोजली गेली ती एका माणसाची नजर, आणि नाव मिळाले देशाच्या मोजणीचे. ‘युजेनिक्स’, म्हणजे सुप्रजननशास्त्र, हा शब्दही त्याचाच, १८८३चा. त्या शब्दाच्या नावाखाली पुढे माणसांचे काय केले गेले, ते इतिहासात आहे.

आपल्याकडे सौंदर्याच्या बदलत्या कल्पनांचा असा आलेख काढायचा झाला, तर ‘वधू पाहिजे’च्या जाहिराती सहज हाताशी येतील. ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’. रंगाच्या रकान्यात ‘निमगोरा’ किंवा ‘गव्हाळ’. उद्या कोणी अशा जाहिरातींतले ‘गोरी’ हे विशेषण वर्षागणिक मोजले आणि ते घटलेले दिसले, तर समाज सुधारला असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. पण जाहिरातीत शब्द लागत होता तो फोटो छापता येत नव्हता म्हणून. आता बायोडाटासोबत पाच फोटो मोबाइलवर येतात, रंग लिहावाच लागत नाही. शादी डॉट कॉमने २०२० मध्ये त्वचेच्या रंगावरून स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली, ते योग्यच झाले. तरीही नकार देणाऱ्या घरात रंगावरून काय बोलले गेले, याची नोंद कुठल्याच आकडेवारीत सापडणार नाही. मला या आलेखांची सर्वांत मोठी भीती वाटते ती इथेच: न लिहिलेली क्रूरता त्यात शून्य म्हणून मोजली जाते.

आणि आता आलेख नुसता पाहण्यापुरता राहिलेला नाही. २०१६ मध्ये ‘ब्यूटी.एआय’ या स्पर्धेत संगणकप्रणालींनी जगभरातून आलेल्या सुमारे सहा हजार छायाचित्रांचे परीक्षण केले. ४४ विजेत्यांत जवळजवळ सगळे गोरे होते, गडद त्वचेची व्यक्ती एकच. यंत्राला ज्या चेहऱ्यांवर शिकवले होते, त्यांत इतरांचे चेहरे फार थोडे होते. मोबाइलमधला फिल्टर हेच काम रोज, न विचारता करतो: रंग उजळतो, नाक बारीक करतो. लग्नाच्या फोटोंपासून बायोडाटापर्यंत हेच चेहरे साठत चालले आहेत. आणखी वीस वर्षांनी कोणी या काळातल्या मराठी मुलींच्या छायाचित्रांची सरासरी काढील, तेव्हा पडद्यावर फिल्टरने बनवलेला चेहरा उमटेल, आणि त्याखाली लिहिले जाईल की या समाजाला असे रूप आवडत होते.